दिवा विझला, चाक सुटलं नव्हतं
अडकलेल्या हँडब्रेकचे ६५ तास

शनिवार, ८ ऑगस्ट २०२०. सकाळी दहा वाजता लालबागचा उड्डाणपूल परळच्या बाजूला उतरताना आमची गाडी पुढच्या टेम्पोवर आदळली. माझ्या वडिलांचं, अप्पांचं, मनगट मोडलं. गाडी मी चालवत होतो. हा अपघात त्या एका क्षणात झाला नाही. तो अडीच दिवसांहून जास्त काळ घडत होता आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर मला तो थांबवता आला असता.

६५ तास आधी : बुधवार, संध्याकाळी ५
दक्षिण मुंबईवर वादळी पाऊस कोसळतोय. कुलाब्याला वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे गेलाय. गिरगावात, चर्नी रोडला पाणी भरलंय. ठाकूरद्वारजवळच्या आमच्या गल्लीत ते गाडीच्या चाकांच्या अर्ध्यापर्यंत चढलंय. लॉकडाऊन लागल्यापासून गाडी फारशी हललेलीच नाही आणि हँडब्रेक पूर्ण वर ओढलेला आहे.

४९ तास ३० मिनिटं आधी : गुरुवार, सकाळी ८.३०
कुलाबा वेधशाळेत चोवीस तासांत ३३१.८ मिलिमीटर पावसाची नोंद होते. गल्लीतलं पाणी ओसरलंय. मी इंजिन बघतो, आतल्या पायपुसण्या वाळत घालतो. चाकांकडे बघत नाही.

खरं काम तिथेच चाललंय. हँडब्रेकची लिव्हर ओढली की तिची वायर मागच्या चाकांपर्यंत जाते आणि तिथल्या ब्रेकच्या ड्रममधले लायनर बाहेर, ड्रमवर दाबते. ही वायर एका नळीतून सरकते. नळीच्या टोकाचं रबर फाटलेलं असलं तर पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि गंज धरतो. ड्रमलाही आतून गंज चढतो आणि दाबून बसलेले लायनर त्याला चिकटतात. त्या सकाळी हँडब्रेक खाली करून, गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना पुढून-मागून विटा लावल्या असत्या, तर निदान लायनर तरी चिकटले नसते.

५५ मिनिटं आधी : शनिवार, ९.०५
अप्पांना परळच्या हॉस्पिटलात तपासणीला न्यायचंय. लोकल फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू आहे, म्हणून गाडी काढतो. लिव्हर खाली करतो. ती नेहमीपेक्षा सैल लागते. समोरचा लाल दिवा विझतो आणि मी निर्धास्त होतो.

माझी सगळ्यात मोठी चूक हीच. त्या दिव्याचं बटण लिव्हरच्या बुडाशी असतं. लिव्हर खाली आली एवढंच ते सांगतं. चाक सुटलं की नाही, हे त्याला कळण्याची सोयच नसते.

५० मिनिटं आधी : ९.१०
पहिला गिअर टाकतो. गाडीचं मागचं अंग खाली दबतं, पण गाडी हलत नाही. ॲक्सिलरेटर वाढवतो. मागून ‘टक्’ आवाज येतो आणि गाडी सुटते. दोन्ही चाकं मोकळी झाली असं मी धरून चालतो. खरं तर उजवीकडचे लायनर सुटलेत. डावीकडची वायर नळीत अडकलीय आणि तो ब्रेक अजून लागलेलाच आहे.

जोर लावण्याऐवजी इथेच थांबायला हवं होतं. सपाट रस्त्यावर पुढच्या चाकांना विटा लावायच्या, मागचं चाक जॅकवर उचलायचं आणि हाताने फिरवून बघायचं. चाक जाम असेल तर मेकॅनिक वायर मोकळी करून बघतो. चाक फिरलं तर दोष वायरीत, नाही फिरलं तर ड्रममध्ये. गंजलेली वायर तेल टाकून चार दिवस चालेलही, पण ती बदलायचीच असते.

२५ मिनिटं आधी : ९.३५
मुंबई सेंट्रल. ॲक्सिलरेटर सोडला की गाडी लगेच मंदावते. अप्पा म्हणतात, “अरे, मागून कोणी धरल्यासारखी का चालतेय?” मी म्हणतो, “अप्पा, बरेच दिवस उभी होती ना, होईल मोकळी.”

१० मिनिटं आधी : ९.५०
भायखळा. जळका वास येतोय. काच खाली केली तर तो वाढतो. पुढच्या ट्रकचा असेल असं वाटून मी पुलावर चढतो.

डावा ड्रम भयंकर तापलाय. त्याला लागूनच ब्रेक ऑइल आहे. डॉट ३ प्रतीचं नवं ऑइल किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि जुनं झालं की उकळण्याची किमान मर्यादा १४० अंशांपर्यंत येते. आमच्या गाडीत ते कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं.

१ मिनिट आधी : ९.५९
उतार लागतो. ब्रेक दाबतो. पेडल विरोध न करता खाली जातं. उकळलेल्या ऑइलची वाफ झालीय आणि वाफ दबते, त्यामुळे पायाचा जोर चाकांपर्यंत पोचत नाही. पेडल पुन्हा पुन्हा दाबतो, दुसऱ्या गिअरवर येतो. वेग कमी होतो, पण पुरेसा नाही. हँडब्रेक ओढतो. लाल दिवा लागतो. उजवं चाक थोडं धरतं. डावीकडच्या तापून फुगलेल्या ड्रमवर लायनरची पकड राहिलेली नाही.

१० वाजता
धडक. अप्पांनी आधारासाठी हात पुढे केला होता. मागच्या डाव्या चाकातून धूर येतोय. कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन धावतं, त्याला टेम्पोवाला अडवतो. इतक्या तापलेल्या ड्रमवर गार पाणी पडलं तर तो तडकू शकतो. आधी अप्पांना बाहेर काढून लांब नेतो.

त्यानंतर
अप्पांचं मनगट सहा आठवडे प्लास्टरमध्ये होतं. मेकॅनिकने काढलेली वायर मी ओढून पाहिली, दोन्ही हातांनी जोर लावूनही ती नळीत तसूभर सरकली नाही.

आता पावसाळ्यात गाडी जास्त दिवस उभी राहणार असेल तर मी हँडब्रेक लावत नाही. गिअर आणि विटा. ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलतो. निघण्यापूर्वी सपाट गल्लीत गाडी न्यूट्रलला टाकून हाताने दोन पावलं ढकलतो. अप्पा फुटपाथवर उभे राहून मागचं चाक बघतात. ते “फिरलं” म्हणाले की मगच मी चावी लावतो.