पुरावा, कुंकू आणि तोतया

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर विश्वासराव गोळी लागून पडले. सदाशिवरावभाऊ हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले. पुढे त्यांचे काय झाले, या प्रश्नाशी मी कुवतीप्रमाणे बरीच वर्षे झगडतो आहे. इतिहासाची पदवी माझ्याकडे नाही. छापील साधने पुन्हा पुन्हा वाचण्याची खोड मात्र आहे. त्या वाचनात भाऊंच्या मृत्यूइतकाच दुसरा एक प्रश्न मला महत्त्वाचा वाटू लागला: जे आपल्याला पुरते कळत नाही, त्या रिकाम्या जागेचे पुढे काय होते?

भाऊंच्या मृत्यूचा तपशीलवार वृत्तान्त काशीराज पंडिताचा. तो शुजाउद्दौल्याच्या पदरी होता आणि लढाईच्या वेळी त्याच्या छावणीत होता. प्रेतांमध्ये शिर नसलेले एक धड सापडले, अंगावरच्या खुणांवरून ते भाऊंचे ठरले आणि त्याला अग्नी दिला, असे तो सांगतो. साक्षीदार जवळचा खरा. पण हकीकत लिहिली १७८० च्या सुमारास, जवळजवळ वीस वर्षांनी. तिला मी 'बहुधा खरी' म्हणतो. त्यापुढे माझी लेखणी जात नाही.

पार्वतीबाई स्वतः पानिपतावर होत्या. त्या जीव वाचवून परतल्या, पण पतीचा मृत्यू त्यांनी डोळ्यांनी पाहिला नव्हता. १७८३ मध्ये निधन होईपर्यंत त्यांनी वैधव्य पत्करले नाही. याला भाबडी आशा म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. मला ते पटत नाही. ज्या निर्णयाची किंमत एकट्या बाईने जन्मभर मोजायची, त्याला परक्या छावणीतली ऐकीव ओळख पुरेशी कशी मानावी? दरबाराला 'बहुधा' चालत होते. त्यांच्या कपाळावरच्या कुंकवाला ते चालण्यासारखे नव्हते.

याच फटीतून तोतया शिरला. सुखनिधान नावाचा कनोजी ब्राह्मण स्वतःला भाऊ म्हणवू लागला. थोरल्या माधवरावांच्या काळात चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. १७७६ मध्ये रत्नागिरीचा अधिकारी रामचंद्र नाईक परांजपे याने त्याला मोकळे केले. पेशवाई तेव्हा घरच्या भांडणांनी खिळखिळी झाली होती. कोकणातले किल्ले भराभर त्याच्या हाती गेले. अखेर महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी त्याचा मोड केला. आंग्र्यांनी त्याला पकडले आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात पुण्यात त्याला देहदंड झाला. पुढे न. चिं. केळकरांनी या प्रकरणावर 'तोतयाचे बंड' हे नाटक लिहिले.

आता मुद्दा असा. भाऊ नक्की कुठे पडले हे चौकशी करणाऱ्यांनाही ठाऊक नव्हते. तरीही समोरचा माणूस भाऊ नव्हे, हे त्यांना ठरवता आले. सगळे कळत नाही म्हणून काहीच कळत नाही, असा तर्क तोतयांच्या सोयीचा असतो. आजही 'इतिहासात काय, काहीही असू शकते' असे कुणी म्हणाले, की मला कोकणातले ते किल्ले आठवतात.

माझ्या टिपणवहीत या प्रकरणाच्या दोन नोंदी शेजारी शेजारी आहेत. भाऊ पानिपतावर पडले: बहुधा. सुखनिधान भाऊ नव्हता: निश्चित. पहिल्या नोंदीतला 'बहुधा' खोडण्याइतका पुरावा मला मिळालेला नाही, आणि त्याच्यामुळे दुसरीतला 'निश्चित' तसूभरही ढिला होत नाही.