तोच काळा दगड

मॉरिशसला आठवडाभर जाऊन आलो. शामारेलची सात रंगांची माती, क्युरपीपचं ज्वालामुखीचं विवर, समुद्रात घुसलेला ल मॉर्नचा डोंगर, सगळं पाहिलं, भरपूर फोटो काढले. पण खरं सांगू का, लक्षात राहिले ते उसाच्या शेतांमधले काळ्या दगडांचे ढिगारे.

आधी मला वाटलं, पडकी देवळं असतील. गाडीवाला म्हणाला, "हे आमच्या खापरपणज्यांचं काम." बेट ज्वालामुखीचं, त्यामुळे जमीन दगडांनी भरलेली. ऊस लावायचा तर आधी दगड उचलायला हवेत. ते पहिल्यांदा गुलामांनी उचलले. १८३५ मध्ये गुलामगिरी बंद झाली, मग करारावर आणलेल्या हिंदुस्थानी मजुरांनी. १८३४ ते १९२० दरम्यान पाच लाखांच्या जवळपास मजूर पोर्ट लुईच्या बंदरात उतरले. त्यात मुंबईहून जहाजात चढलेली रत्नागिरीकडची मराठी माणसंही होती.

आता पुढचं ऐका. भूवैज्ञानिक सांगतात, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी ज्या हॉटस्पॉटमधून दख्खनचा लाव्हा बाहेर पडला, त्यानेच पुढे, भारत उत्तरेला सरकून गेल्यावर, ८०-९० लाख वर्षांपूर्वी मॉरिशस घडवलं. म्हणजे सह्याद्रीच्या पायथ्याचा माणूस पोटासाठी समुद्रापार गेला आणि तिथेही त्याच्या डोक्यावर तोच काळा दगड आला!

असो. सात रंगांची माती बघायला तिकीट आहे, ढिगारे बघायला नाही. तुम्ही गेलात तर पाच मिनिटं गाडी थांबवाच.