चौकट आणि साक्ष

छायाचित्रण शिकूं लागलेल्या विद्यार्थ्यास पहिल्याच दिवशीं जो धडा मिळतो, तो बहुधा तृतीयांशाच्या नियमाचा असतो. चौकटीचे उभे व आडवे तीन तीन समान भाग करावे, क्षितिज मधोमध न ठेवतां वरच्या किंवा खालच्या रेषेवर आणावें, आणि या रेषा जेथें एकमेकींस छेदतात तेथें मुख्य वस्तु बसवावी, असें त्यास सांगण्यांत येतें. आतां तर खिशांतल्या फोनच्या पडद्यावरहि या चार रेषा आखलेल्या मिळतात, व गुरूचीहि फारशी गरज उरत नाहीं. नियम उपयुक्त आहे, यांत शंका नाहीं. परंतु तो आला कोठून, त्याच्याभोंवतीं कोणते वाद झाले, आणि कोणत्या प्रश्नाचें उत्तर त्याच्यापाशीं नाहीं, हें शिकणाऱ्यास क्वचितच कळतें. रचनेचा इतिहास चाळला म्हणजे असें दिसून येतें कीं, चौकटींत वस्तु कोठें ठेवावी हा प्रश्न त्या मानानें लहान आहे. चौकटींत जें दिसतें त्याची जबाबदारी कोणाची, हा खरा मोठा प्रश्न आहे.

हा नियम कॅमेऱ्याहून वयानें वडील आहे. एकाच चित्रांत दोन सारखे प्रकाश नसावेत, एक प्रधान व दुसरा गौण असावा, असें मत सर जोशुआ रेनॉल्ड्स या इंग्रज चित्रकारानें मांडलें होतें. जॉन टॉमस स्मिथ या खोदचित्रकारानें १७९७ सालीं प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रामदृश्यांवरील पुस्तकांत तें मत ताणून जमीन व आकाश, छाया व प्रकाश या सर्वांस लागू केलें, आणि त्याला तृतीयांशाच्या नियमाचें नांव दिलें. म्हणजे जो अभिप्राय होता त्याचा कायदा झाला. पुढें बेचाळीस वर्षांनीं, १८३९ सालीं, दागेर याच्या शोधाची वार्ता जगास कळली. छायाचित्रकला जन्मास आली तेव्हां तिच्यासाठीं चित्रकलेचे नियम आधींच तयार होते. धाकट्या भावंडाला थोरल्याचे कपडे मिळावे, तसे ते तिला मिळाले.

इंग्लंडांतील हेन्री फॉक्स टॅल्बट याचें १८४४ सालचें ‘उघडें दार’ हें चित्र या दृष्टीनें पाहण्यासारखें आहे. जुन्या इमारतीचें एक दार, त्याला टेकून तिरपा ठेवलेला खराटा, भिंतीला अडकविलेला कंदील व लगाम, आणि आंत दाट अंधार, एवढाच त्याचा विषय. अशा क्षुद्र वस्तूंचें चित्र कां काढावें, या शंकेला टॅल्बटनें हॉलंडच्या चित्रकारांचा दाखला देऊन उत्तर दिलें. त्यांनीं नाहीं का रोजच्या संसारांतले विषय रंगविले? खराटा त्या जागीं आपोआप आलेला नव्हता. टॅल्बटनें तो योजून ठेवला होता, आणि याच दाराचीं चित्रें त्यानें निरनिराळ्या प्रकारें काढून पाहिलीं होतीं.

येथून पुढें मांडणीचा एक पंथच निर्माण झाला. त्याचा अध्वर्यु हेन्री पीच रॉबिन्सन. १८५८ सालीं त्यानें एका मरणोन्मुख मुलीचें व तिच्याभोंवतीं बसलेल्या आप्तांचें चित्र प्रसिद्ध केलें. तें पाहून कित्येकांस दुःख झालें, कित्येकांस रागहि आला. वस्तुतः तें पांच निरनिराळ्या निगेटिव्हांचा मेळ घालून बनविलेलें होतें, आणि मुलगी आजारी नव्हती. १८६९ सालीं याच रॉबिन्सननें रचनेचे नियम सांगणारा ग्रंथ लिहिला, व होतकरू छायाचित्रकारांच्या कित्येक पिढ्या त्यावर पोसल्या. त्याला कडवा विरोध केला तो पीटर हेन्री एमर्सन यानें. हा शिक्षणानें वैद्य. १८८९ सालच्या आपल्या ग्रंथांत त्यानें सांगितलें कीं, निसर्गांत जें आहे तें डोळ्याला जसें दिसतें तसें घ्यावें. तुकडे जोडून चित्र बनवूं नये. एकाच्या मतें रचना म्हणजे मांडणी, दुसऱ्याच्या मतें रचना म्हणजे निवड. आजहि छायाचित्रणाच्या कोणत्याहि वर्गांत याच दोन मतांचें भांडण निराळ्या शब्दांनीं चालूं असतें.

हें भांडण दिवाणखान्यांतील चित्रांपुरतें असतें, तर तो केवळ रुचीचा प्रश्न ठरला असता. परंतु छायाचित्राकडे लोक साक्षीदार म्हणून पाहतात, आणि तेथें प्रकरण गंभीर होतें. १८५५ सालीं क्रिमियाच्या युद्धांत रॉजर फेंटन यानें एका उजाड दरीचीं दोन चित्रें एकाच जागेवरून घेतलीं. एकांत तोफेचे गोळे रस्त्याच्या कडेच्या खळग्यांत आहेत. दुसऱ्यांत ते रस्त्यावरहि विखुरलेले आहेत. चित्र म्हणून दुसरें सरस आहे; रिकाम्या रस्त्याला त्या गोळ्यांनीं अर्थ येतो. यांतलें आधींचें कोणतें, हा वाद पुष्कळ दिवस चालला. अखेर २००७ सालीं एरॉल मॉरिस या अमेरिकन चित्रपटकारानें दोन्ही चित्रें शेजारीं ठेवून उतारावरचे लहान दगड तपासविले. गोळे रस्त्यावर असलेल्या चित्रांत ते दगड किंचित् खालीं घरंगळलेले आढळले. माणसें उतारावरून हिंडलीं, दगड सरकले, आणि म्हणून रिकाम्या रस्त्याचें चित्र आधींचें, असा त्यानें निष्कर्ष काढला.

आपल्या देशांतलें उदाहरण याहून भयंकर आहे. १८५७ च्या नोव्हेंबरांत लखनौच्या सिकंदर बागेंत बंडवाल्या शिपायांची मोठी कत्तल झाली. फेलीस बिआतो तेथें पोंचला तो पुढच्या वर्षीं. त्याच्या प्रसिद्ध चित्रांत भग्न इमारतीसमोरच्या अंगणांत मनुष्यांचीं हाडें व कवट्या पसरलेल्या दिसतात. चित्रासाठीं तीं हाडें मुद्दाम उघडीं करून मांडविलीं होतीं, असें समकालीनांनीं नमूद केलें आहे. चित्रशास्त्राच्या दृष्टीनें या रचनेंत दोष काढणें कठीण, कारण पुढचा भाग रिकामा राहूं नये हा नियम तिनें पाळला आहे. पण नियम पाळून मृतांची विटंबना होऊं शकते, हेंहि तिनें सिद्ध केलें आहे.

मुंबईंत ही कला लवकर रुजली. येथील छायाचित्रण मंडळ १८५४ सालीं स्थापन झालें, आणि दुसऱ्याच वर्षीं एल्फिन्स्टन संस्थेंत छायाचित्रण शिकविण्याचा वर्ग सुरू झाला. याच शहरांत वावरलेल्या विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतील नाना जातिजमातींच्या लोकांचीं चित्रें दोन खंडांत, १८६३ व १८६६ सालीं, लंडनला प्रसिद्ध केलीं. त्यांतील कित्येक चित्रांत माणसें चित्रशाळेंत उभीं करून घेतलेलीं आहेत, आणि त्यांच्या पाठीमागचे देखावे दुसरीकडचे आणून जोडलेले आहेत. माणसें खरीं, इमारती व रस्तेहि खरे. खोटा होता तो त्या दोहोंमधला संबंध. विलायतेंतला वाचक मात्र तीं पानें उलटून मुंबईकर कसा असतो व कोठें उभा राहतो, हें आपणांस कळलें अशा समजुतींत राहिला असेल. ज्यांचें चित्र काढलें त्यांस आपल्या पाठीमागें काय जोडलें जाणार आहे, हें कोणीं विचारलें असेल काय?

१८९६ च्या जुलैची ७ तारीख ही मुंबईच्या इतिहासांत दुसऱ्या एका आरंभाची तारीख आहे. त्या दिवशीं वॉटसन हॉटेलांत ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें दाखविण्यांत आलीं. याच बंधूंचें सुमारें ५० सेकंदांचें, आगगाडी स्टेशनांत येतांनाचें चित्र पाहिलें म्हणजे रचनेंत कोणती नवी गोष्ट आली तें कळतें. कॅमेरा फलाटावर रुळांच्या जवळ, किंचित् तिरपा उभा आहे. दूर एक ठिपका दिसतो, तो वाढतां वाढतां इंजिन होऊन चौकटीच्या कडेनें निघून जातो. गाडी चित्रकारानें हलविलेली नाहीं. त्यानें आपली जागा निवडली आणि वाट पाहिली. स्थिर चित्रांत रचना ही जागेची असते, चलच्चित्रांत ती काळाचीहि असते.

हें दादासाहेब फाळक्यांनीं किती नेमकें ओळखलें होतें! मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिकलेल्या या गृहस्थांस चित्रकला, छायाचित्रण व शिळाछाप या तिन्ही विद्या अवगत होत्या, आणि त्यांच्या पौराणिक चित्रपटांतील पुष्कळ देखाव्यांना रंगभूमीचें व छापील चित्रांचें वळण आहे. परंतु ३ मे १९१३ रोजीं ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढें येण्याच्या आदल्या वर्षीं त्यांनीं एक लहानसा प्रयोग केला होता. कुंडींतल्या वाटाण्यासमोर कॅमेरा एका जागीं ठेवून, ठराविक अंतरानें एकेक चित्र घेत, महिन्याहून अधिक काळ त्यांनीं अंकुराची वाढ टिपली. भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला तो या रोपट्यामुळें. राजवाडा नाहीं, पोशाख नाहीं. एक रोप, एक चौकट, आणि ती न हलविण्याचा निग्रह. चलच्चित्रण शिकणाऱ्यास याहून चांगला पहिला धडा मला ठाऊक नाहीं.

फ्रान्सचा आंरी कार्तिए-ब्रेसाँ हा निवडीच्या पंथाचा पुढें मोठा आचार्य झाला. घेतलेलें चित्र मागाहून कापूं नये, जें ठरवावयाचें तें कळ दाबतांनाच ठरवावें, हा त्याचा दंडक. गंमत अशी कीं, डबक्यावरून उडी मारणाऱ्या माणसाचें त्याचें १९३२ सालचें प्रख्यात चित्र फळ्यांच्या फटींतून घेतलें असल्यामुळें कडेला कापावेंच लागलें. दंडकाला अपवाद होता. पण त्यानें तेथें ना माणूस आणून ठेवला, ना डबकें. कापणें व घुसडणें यांतला भेद त्यानें सोडला नाहीं.

हा भेद आज पुसट होत चालला आहे. रॉबिन्सनला पांच निगेटिव्हा व पुष्कळ श्रम लागले. आतां चौकटींतला नको असलेला मनुष्य बोटाच्या स्पर्शानें नाहींसा करतां येतो, आणि कधींच न घडलेला देखावा यंत्राला चार शब्द सांगून मिळवितां येतो. रचना सुधारण्याच्या नांवाखालीं हीं साधनें विद्यार्थ्याच्या हातीं येतात, आणि पडद्यावरच्या चार रेषा त्याला यांबद्दल कांहीं सांगत नाहींत. म्हणून शिकविणाऱ्यांनीं पहिल्याच धड्यांत तृतीयांशाच्या नियमाशेजारीं फेंटनचीं दोन चित्रें, बिआतोचें अंगण आणि जॉन्सनचीं जोडचित्रें ठेवावीं. क्षितिज कोठें असावें हें विद्यार्थी एका दुपारीं शिकेल. आपण येथें काय हलविलें, काय पुसलें, कोणाला बाहेर ठेवलें, हा प्रश्न मात्र त्यानें प्रत्येक चित्राच्या वेळीं स्वतःस विचारावयाचा आहे, आणि पाहणाऱ्यानें विचारल्यास त्याचें सरळ उत्तर द्यावयाचें आहे.