'वॉयत्सेक'ची संहिता आणि संपादकाचा हात

गेओर्ग ब्यूख्नर १९ फेब्रुवारी १८३७ रोजी झुरिच येथे टायफसने वारला, तेव्हा तो अवघा २३ वर्षांचा होता. त्याच्या कागदपत्रांत एका नाटकाचे अपुरे खर्डे होते; त्यांना शीर्षक नव्हते, प्रवेशांना क्रमांक नव्हते. फिकट पडलेली शाई रासायनिक द्रव्याने उजळवून कार्ल एमिल फ्रान्त्सोस याने ते वाचले आणि १८७९ च्या आपल्या आवृत्तीत समाविष्ट केले. नायकाचे नाव त्याने 'वोत्सेक' असे वाचले. आल्बान बेर्गच्या १९२५ च्या ऑपेराने तो अपपाठच जगभर नेला.

या नाटकाच्या तुटक, स्वयंपूर्ण प्रवेशांत आधुनिक रंगभूमीला आपला पूर्वज सापडला. परंतु ही खंडितता लेखकाची की मृत्यूची? शेवटच्या खर्ड्यात प्रवेशांचा क्रम बराचसा निश्चित झालेला दिसतो. मात्र वॉयत्सेक आपल्या चीजवस्तू सोबत्याच्या स्वाधीन करतो, तेथे हा खर्डा थांबतो. खुनाचे प्रवेश केवळ पहिल्या खर्ड्यात आहेत, आणि तेथे पात्रांची नावेही वेगळी आहेत: लुई आणि मार्ग्रेट. म्हणजे आज आपण वाचतो त्या नाटकाचा उत्तरार्ध हा संपादकांनी घातलेला सांधा आहे. प्रवेशांतर्गत तुटकपणा ब्यूख्नरचा. नाटकाचा शेवट मात्र त्याचा म्हणता येत नाही.

हा केवळ पाठचिकित्सेचा प्रश्न नव्हे. लाइपझिगमधील योहान क्रिस्टियान वॉयत्सेक याने १८२१ मध्ये एका स्त्रीचा खून केला. डॉ. क्लारूस यांनी तपासणीअंती त्याला आपल्या कृत्यास जबाबदार ठरविले आणि १८२४ मध्ये त्याचा भर चौकात शिरच्छेद झाला. दरिद्री, भ्रमग्रस्त माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचा निवाडा वैद्यकाने करावा काय, हा या नाटकाच्या मुळाशी असलेला वाद आहे. वाटाण्यांवर जगवून वॉयत्सेकवर प्रयोग करणारा नाटकातील डॉक्टरही इच्छास्वातंत्र्यावरच प्रवचन झोडतो, ही ब्यूख्नरची विखारी थट्टा होय. (तो स्वतः झुरिच विद्यापीठात तुलनात्मक शरीररचनाशास्त्र शिकवीत होता, हे येथे ध्यानात ठेवावे.)

फ्रान्त्सोसने तळ्याच्या प्रवेशात 'बुडतो' अशी रंगसूचना आपल्या पदरची घातली. नायक बुडाला, की खटला उरत नाही, तपासणीही उरत नाही. पहिल्या खर्ड्यात मात्र तळ्याच्या प्रवेशानंतर एक अगदी छोटा प्रवेश आहे: न्यायालयाचा शिपाई, डॉक्टर आणि न्यायाधीश उपस्थित आहेत, आणि शिपाई खुनाची वाखाणणी करीत आहे.