चांदीपुरा मेंदूज्वर

चांदीपुरा मेंदूज्वर हा चांदीपुरा विषाणूमुळे होणारा, मुख्यतः पंधरा वर्षांखालील मुलांना जडणारा मेंदूचा तीव्र आजार आहे. ताप आल्यापासून एक-दोन दिवसांत, कधी काही तासांतच, रुग्ण बेशुद्ध होतो; हा वेग हेच या रोगाचे सर्वांत घातक वैशिष्ट्य होय. रेबीजचा विषाणू ज्या ऱ्हॅब्डोव्हिरिडी कुळातील आहे, त्याच कुळात हा विषाणूही मोडतो. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तो बंदुकीच्या गोळीसारखा दिसतो.

नाव व इतिहास

१९६५ साली नागपूर परिसरात डेंग्यू व चिकुनगुन्याची साथ असताना चांदीपुरा येथील दोन तापाच्या रुग्णांच्या रक्तात हा विषाणू प्रथम आढळला. पुण्याच्या तत्कालीन विषाणू संशोधन केंद्रातील (आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था) भट्ट आणि रॉड्रिग्ज यांनी तो वेगळा केला. विशेष असे की, मेंदूच्या भीषण आजाराशी त्याचा संबंध आहे हे ठसठशीतपणे पुढे येण्यास जवळजवळ चार दशके लागली. २००३ च्या उन्हाळा-पावसाळ्यात आंध्र प्रदेशात ३२९ मुले आजारी पडली व त्यांपैकी १८३ दगावली. गावाचे नाव मात्र रोगाला कायमचे चिकटले. रोगांना स्थळांची नावे देऊ नयेत, असा जागतिक आरोग्य संघटनेचा संकेत २०१५ मधला, म्हणजे फार नंतरचा.

२०२४ मध्ये जून ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत देशात तीव्र मेंदूज्वराचे २४५ रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी ६४ जणांना चांदीपुराची लागण झाल्याचे निश्चित झाले. त्यांत बहुतेक गुजरातमधील होते.

प्रसार

विषाणूचा प्रसार मुख्यतः वालुमाशी करते. डासाहून कितीतरी लहान असलेला हा कीटक मातीच्या भिंतींच्या भेगांत व गोठ्यांच्या ओलसर कोपऱ्यांत वाढतो.

मज्जासंस्थेवरील परिणाम

अचानक चढणारा ताप, उलट्या, आकडी व शुद्ध हरपणे अशा क्रमाने आजार बळावतो. मेंदूला सूज येऊन कवटीतील दाब वाढतो. पाठीच्या कण्यातून काढलेल्या पाण्यात मात्र पुष्कळदा दाहाच्या पेशी वाढलेल्या आढळत नाहीत; त्यामुळे याला मेंदूचा दाह म्हणावे की दाहाविना झालेली मेंदूची विकृती, यावर तज्ज्ञांत मतभेद झाले. वाचलेल्या काही मुलांत अंगाची दुर्बलता किंवा अन्य मज्जाविकार मागे राहतात.

निदान व उपचार

आरटी-पीसीआर किंवा रक्तातील प्रतिपिंडांच्या चाचणीने निदान होते. विषाणूवर थेट गुणकारी औषध अथवा लस उपलब्ध नाही. आकडी आवरणे, मेंदूवरील दाब उतरवणे आणि श्वसनास आधार देणे हेच उपचार. अहवालाची वाट न पाहता ते सुरू करावे लागतात, म्हणून तापात आकडी आलेले किंवा गुंगीत गेलेले मूल त्वरित अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयात नेणे आवश्यक असते. प्रतिबंधासाठी भिंतींच्या भेगा लिंपतात, कीटकनाशक फवारतात आणि बारीक विणीची मच्छरदाणी वापरतात. साध्या मच्छरदाणीच्या छिद्रांतून वालुमाशी आत शिरू शकते.