घर कोणाचं? मुळशीपासून आजपर्यंत

गावाजवळून मोठा रस्ता जाणार, धरण होणार, कारखाना येणार अशी बातमी आली की आपल्या बचत गटाच्या बैठकीत एकच प्रश्न निघतो. सरकार आपलं राहतं घर घेऊ शकतं का? आणि घेतलंच, तर पैसे कोणाच्या हातात पडतात? आज आपण या प्रश्नाची जुनी गोष्ट समजून घेऊ. ती आपल्याच पुणे जिल्ह्यातली आहे.

इंग्रजांच्या काळात 1894 साली भूसंपादनाचा कायदा झाला. ‘सार्वजनिक हित’ असं म्हणून सरकार कोणाचीही जमीन आणि घर मोबदला देऊन घेऊ शकत होतं. मालकाची संमती लागत नव्हती. खाजगी कंपनीसाठीही सरकार जमीन घेऊन देऊ शकत होतं.

मुळशीला याचा चटका बसला. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या कंपनीनं मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचं ठरवलं. पाण्याखाली जाणार होती मावळ्यांची भाताची खाचरं, घरं आणि गावदेवाची देवळं. ताबा रीतसर घेण्याआधीच शेतांत चर खणायला सुरुवात झाली. 16 एप्रिल 1921 ला, रामनवमीच्या दिवशी, सुमारे 1200 माणसं धरणाच्या जागेवर जाऊन बसली आणि काम थांबलं. पांडुरंग महादेव बापट या लढ्याचे पुढारी झाले. इथूनच लोक त्यांना ‘सेनापती’ म्हणू लागले. घोषणा होती, ‘जान किंवा जमीन’. अटक झालेल्यांत बायकाही होत्या. चूल आणि शेत दोन्ही बुडणार असल्यावर त्या घरी कशा बसतील?

तरी लढा हरला. सरकारची ताकद होती, हे तर खरंच. पण आपण लक्षात ठेवावं असं आणखी एक कारण आहे. मुळशीच्या पुष्कळ जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्या नावावर गेल्या होत्या. राबणारा मावळा म्हणत होता, पैसा नको, जमीन हवी. कागदावर नाव असणाऱ्याला मात्र मोबदला चांगला वाटत होता. त्यामुळे लढ्यात फूट पडली. 1924 च्या अखेरीस बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. 1927 पर्यंत धरण उभं राहिलं. वीज मुंबईला गेली आणि मावळे उठले.

स्वातंत्र्य आलं, पण 1894 चा कायदा तसाच राहिला. राज्यघटनेत मालमत्तेचा हक्क सुरुवातीला मूलभूत हक्क होता. 1978 च्या 44 व्या घटनादुरुस्तीनं तो त्या यादीतून निघाला. आता कलम 300-अ सांगतं, की कायद्याच्या आधाराशिवाय कोणाचीही मालमत्ता काढून घेता येणार नाही. म्हणजे सरकार घर घेऊ शकतं, पण कायद्यानंच. नुसत्या तोंडी हुकमानं नाही.

आपल्या राज्यात कोयना धरण झालं, गावं उठली. पुनर्वसनाचा कायदा मात्र त्यानंतर, 1976 साली आला. आधी उठा, मग बघू, असाच कारभार होता. कोयनेच्या लोकांना पुढे कित्येक वर्षं मोर्चे काढावे लागले.

शेवटी 2013 साली नवा कायदा झाला आणि 1 जानेवारी 2014 पासून लागू झाला. त्यातल्या चार गोष्टी आपण पाठच कराव्यात. एक, खाजगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी 80 टक्के, आणि सरकार व कंपनीच्या भागीदारीसाठी 70 टक्के कुटुंबांची आधी संमती लागते. पण सरकार स्वतःच्या कामासाठी घेत असेल तर ही अट नाही, आणि राज्यानंही काही प्रकल्पांना सूट देण्याची सोय केली आहे. म्हणून आपल्या गावातलं काम कशात मोडतं हे आधी विचारावं. दोन, सूचना निघाल्यापासून 60 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे लेखी हरकत देता येते. तीन, मोबदल्याच्या रकमेवर तेवढीच दिलासा रक्कम मिळते आणि पुनर्वसन हा हक्क आहे. चार, ही खास आपली. विधवा, घटस्फोटित आणि टाकलेली बाई हे स्वतंत्र कुटुंब धरलं जातं. पुनर्वसनात मिळणारं घर नवरा-बायको दोघांच्या नावे करता येतं.

आता मुळशीची गोष्ट आपल्या उंबऱ्यावर आणू. आम्ही गटातल्या सगळ्यांना घराचा नमुना 8 चा उतारा आणायला सांगितला. कोणाचं घर नवऱ्याच्या नावावर, कोणाचं वारलेल्या सासऱ्यांच्या नावावर. दर वर्षी सारवणाऱ्या, घरपट्टीसाठी पैसे बाजूला ठेवणाऱ्या बाईचं नाव क्वचितच. उद्या मोजणीवाले आले, तर ते आधी उतारा बघतील. सारवलेली भिंत कोण बघतो?

म्हणून मैत्रिणींनो, सूचना येण्याची वाट बघायची नाही. ग्रामपंचायतीतून उतारा काढा. सासरे वारले असतील तर वारस नोंद करून घ्या. नवऱ्याशी बोला आणि घर दोघांच्या नावे करण्याचा अर्ज द्या. अर्जाची पोच सांभाळून ठेवा. ग्रामसभेला जा आणि आपलं म्हणणं इतिवृत्तात लिहायला लावा. एकटीला जड वाटलं तर गटानं बरोबर जा.

मुळशीत ज्यांनी राबून जमीन कसली, त्यांचा शब्द कागदापुढे चालला नाही. शंभर वर्षांनी कायदा आपल्याला थोडी जास्त जागा देतो आहे. पण त्या जागेवर आपलं नाव आपल्यालाच लिहून घ्यावं लागेल. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं उतारा पिशवीत घालून आणायचा.