सीडिंग (डेटाबेसची प्राथमिक भरणी)

वेब ॲप्लिकेशन पहिल्यांदा सुरू होण्याआधी रिकाम्या डेटाबेसमध्ये पायाभूत नोंदी भरण्याची प्रक्रिया. रूबी ऑन रेल्समध्ये त्यासाठी ‘सीड्स’ ही स्वतंत्र फाइल असते.

भरणीचा क्रम महत्त्वाचा. राज्य, जिल्हा, तालुका, मग गाव. पालक नोंद नसेल तर फॉरेन की अपत्य नोंद नाकारते. वसई तालुक्यातल्या नालासोपारा पूर्वेचे आचोळे घ्या. 3 जुलै 2009 रोजी वसई-विरार महानगरपालिका झाली आणि 1 ऑगस्ट 2014 रोजी वसई तालुका ठाण्यातून नव्या पालघर जिल्ह्यात गेला. या जिल्हाबदलाआधीची सीड फाइल आज जशीच्या तशी चालवली, तर आचोळे ठाणे जिल्ह्यातच उतरते. म्हणून नोंद नावावरून न ओळखता कायम संकेतांकावरून ओळखावी, आणि ‘आधी शोधा, नसेल तरच घाला’ अशा रीतीने लिहावी. नाहीतर फाइल दुसऱ्यांदा चालताच गाव दोनदा दिसते.

भरण्याआधी नावांचे लेखन तपासणारा कोड बहुधा ‘लिब’ फोल्डरमध्ये असतो. रेल्स 3 पासून हे फोल्डर आपोआप लोड होत नाही. सीड फाइलमध्ये ‘रिक्वायर’ विसरले, तर त्या कोडचा पहिला उल्लेख येताच भरणी थांबते. रेल्स 7.1 मध्ये हे फोल्डर आपोआप लोड करण्यासाठी एका ओळीची सेटिंग आली.

मराठी नावांसाठी ही तपासणी अनिवार्य मानावी. ‘चो’चा ओकार कोणी काना आणि मात्रा वेगवेगळे टंकून काढला, तर काही फाँटमध्ये तो सारखाच दिसतो, पण शोधात आचोळे सापडत नाही. युनिकोडचे प्रमाणित रूपांतरही हा फरक मिटवत नाही. त्यासाठी वेगळा नियम लिहावा लागतो.